वाफसा आला की निघायचं

आजचा भाग सायकलवर आहे, आणि त्यातही डांबर सोडून जे रस्ते असतात, त्यांच्यावर. शहरात याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. आता आमच्या चुडाव्याच्या शिवारात खडी कुठाय? थोडाफार मुरूम आहे, आणि बाकी काळी माती. त्यामुळे यूट्यूबवर इटलीतले पांढरे रस्ते बघून जे नियम आपण शिकतो, ते इथं अर्धेच चालतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चुडावा परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात आहे. पूर्णा जंक्शनवरून रेल्वेनं नांदेडला निघालात की मधे हे स्टेशन लागतं. एक्स्प्रेसमधल्या माणसाला पाटी नीट वाचायलाही वेळ मिळत नाही. मी बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करायची मुभा आहे म्हणून वर्षातले बरेच महिने गावाकडंच असतो. लॅपटॉप बंद केला की सायकल.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "उद्या पाऊस आहे का, राईड होईल का?" माझं म्हणणं असं की काळ्या मातीत उद्याच्या पावसापेक्षा परवाचा पाऊस महत्त्वाचा. उद्या पडणाऱ्या पावसानं तुम्ही भिजाल, एवढंच. पण परवा पडून गेलेल्या पावसानं तुमची सायकल जागेवर थांबेल, आज कितीही कडक ऊन असलं तरी.

असं का होतं? आपली जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यात चिकणमाती भरपूर, आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तीच आकसते, मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती टायरला धरते, टायरवरून ब्रेकला, ब्रेकवरून फ्रेमला. दहा-पंधरा फेऱ्यांत चाक फिरायचं बंद. मग सायकल खांद्यावर, आणि आता ती दुप्पट जड.

हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात अनबाउंड ग्रॅव्हल नावाची शर्यत होते, दोनशे मैलांची, या खेळातली सगळ्यात नावाजलेली. २०२३ च्या जूनमध्ये तिथं आदल्या दिवसांत पाऊस झाला आणि शर्यत सुरू होऊन दहा-अकरा मैल होतात तोच चिखलाचा पट्टा लागला. हजारो डॉलरच्या सायकली लोक खांद्यावर घेऊन चालत होते. चिखल खरवडायला तिथं रंग ढवळायची लाकडी पट्टी जवळ ठेवतात. आमच्याकडं तेच काम खुरपं करतं, किंवा बाभळीची काडी.

तर मग परवाचा पाऊस कळायचा कसा? दोन रस्ते आहेत. एक फोनवर. राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस रोज टाकतात. मंडळ म्हणजे महसूल मंडळ, तालुक्याहून लहान. चुडावा स्वतः एक मंडळ आहे, त्यामुळे मला पूर्ण्याचा किंवा परभणीचा आकडा धरून अंदाज बांधावा लागत नाही. जुलैत एका शिवारात धो धो आणि शेजारच्या शिवारात धूळ, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून जिल्ह्याचा आकडा राईडसाठी जवळपास बिनकामाचा.

दुसरा रस्ता म्हणजे वाफसा. हा शब्द शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला समजावून सांगायची गरज नाही, पण शहरातल्यांसाठी सांगतो. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी निचरतं, ओल राहते पण चिखल राहत नाही, औत घातलं तर माती चिकटत नाही. ती अवस्था म्हणजे वाफसा. शेतात जाऊन मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटला तर वाफसा आलाय. थपकन चपटा झाला तर घरी जा. या चाचणीला नेटवर्क लागत नाही, आणि मी वापरलेल्या कुठल्याही हवामान ॲपपेक्षा ती राईडच्या कामाची आहे. ॲप हवेचं सांगतं, मातीचं सांगत नाही.

माझ्या वहीतला हिशोब असा: वीसेक मिलिमीटर पाऊस आणि त्यानंतर ऊन असेल तर मुरमाचा रस्ता दुसऱ्या दिवशी चालतो, काळ्या मातीची पांदण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ढगाळ असेल तर हिशोब सोडून द्या. तुमच्या गावात उतार, निचरा, झाडांची सावली वेगळी असणार, तेव्हा वही तुमची तुम्हीच करा.

आता वर्षाकडं वळू. मी महिन्यांवर आखणी करत नाही, नक्षत्रांवर करतो. हसू नका. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. म्हणजे आपला दोन आठवड्यांचा स्प्रिंटच की! मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं पावसाची, नऊ स्प्रिंट. पंचांगात प्रत्येकाला वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, गाढव असं, आणि त्यावरून पाऊस किती ते सांगतात. त्या भाकितावर माझा काडीचा विश्वास नाही. पण कॅलेंडर म्हणून नक्षत्र उत्तम आहे, कारण गावातला प्रत्येक माणूस त्याच भाषेत बोलतो. "पुष्यात ती पांदण चालू असती का?" असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. "जुलैच्या चौथ्या आठवड्यात" म्हटलं तर लोक तोंडाकडं बघतात.

मृग लागतं ७-८ जूनला. त्याच्या आधीचे दिवस, म्हणजे रोहिणी, हे खरं तर धोक्याचे. वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो, वारा सुटतो आणि विजा पडतात. सपाट शिवारात सायकलवरचा माणूस सगळ्यात उंच असतो, किंवा मग एकटं उभं लिंबाचं झाड, ज्याच्याखाली आपण पळत जातो. जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलेलं दामिनी नावाचं ॲप आहे, जवळपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते इशारा देतं. मी मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारी तीननंतर बाहेर पडतच नाही, ॲप काहीही म्हणो.

मृगाचा पहिला पाऊस झाला की दोन-तीन राईड फार सुंदर मिळतात. जमीन भेगाळलेली असते, पाणी आत ओढून घेते, वर धूळ बसलेली. मखमली लाल मृगाचे किडे बांधावर निघतात, पावशा दिवसभर ओरडत असतो. पण ही खिडकी छोटी. परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. मी तोच आकडा उलटा वापरतो: तेवढा पाऊस झाला की शेतातले रस्ते सायकलसाठी बंद. तिफण सुरू, सायकल भिंतीला.

मग आर्द्रा ते मघा काय करायचं? डांबरी आणि सिमेंटचे रस्ते, आणि जिथं मुरूम घट्ट बसलाय ते कालव्याकडेचे रस्ते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचा जो पूर्णा प्रकल्प, त्याचे कालवे आपल्या भागात फिरलेत. कालव्याचा भराव उंच असतो, पाणी निचरतं, म्हणून पाऊस थांबल्यावर सगळ्यात आधी हेच रस्ते उघडतात. या दिवसांत वारा पश्चिमेचा आणि जोराचा. जाताना पश्चिमेकडं, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जा, पाय ताजे असताना. येताना वारा ढकलत आणतो. उलटं केलंत तर शेवटचे दहा किलोमीटर तुम्हाला आयुष्यभर लक्षात राहतील.

इथं जरा थांबतो, कारण पुढचं महत्त्वाचं आहे. आपण दोन नद्यांच्या मधे राहतो. पूर्णा नदी आपल्याच तालुक्यात गोदावरीला मिळते. गोदावरीला वरून जायकवाडीचं पाणी येतं, सिंदफणेतून माजलगावचं येतं, पूर्णेत सिद्धेश्वरचं. म्हणजे चुडाव्यात लख्ख ऊन असताना नदी चढू शकते, कारण पाऊस पैठणच्या वर किंवा बीडकडं झालेला असतो. मोठी नदी भरली की तिला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी मागं फुगतं, आणि काल टाच भिजेल एवढं पाणी असलेला नळ्यांचा पूल आज दिसतच नाही. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये काय झालं ते आठवा. आणि २०२५ चा सप्टेंबर तर मराठवाडा विसरणार नाही. सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, जमिनी खरवडून गेल्या. म्हणून ऑगस्टपासून पावसाच्या आकड्यासोबत धरणांचा विसर्गही बघायचा. पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल वळवायची. किती खोल आहे हे काठी घालून बघायचं नाही, समोरून ट्रॅक्टर गेला म्हणून आपणही जायचं नाही. रेल्वेखालचे भुयारी रस्ते पण याच यादीत; पावसाळ्यात त्यांची विहीर होते.

पूर्वा, उत्तरा संपून २७ सप्टेंबरच्या सुमाराला हस्त लागतं. लोक त्याला हत्ती म्हणतात. आणि मग चित्रा, स्वाती. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना वाटतं, पाऊस गेला, आता मोकळं. सायकलसाठी हाच सगळ्यात गोंधळाचा काळ. सोयाबीनची काढणी चालू असते, मळणीयंत्रं पांदणीत उभी असतात, डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक घालायचं नाही, हे सांगायला नको. वाळत घातलेलं ते वर्षाचं उत्पन्न आहे. शेतात कापलेल्या सोयाबीनची खुंटं राहतात, तिरकी कापलेली, टोकदार. शॉर्टकट म्हणून रिकाम्या शेतातून सायकल घातली की टायरची चाळणी. पुढं डिसेंबर-जानेवारीनंतर तुरीची खुंटं, ती तर ट्रॅक्टरवाल्यांनाही नको असतात. आणि पांदणीच्या कडेला सराटे. पावसाळ्यात हिरवा वेल दिसतो, पिवळी फुलं, छान वाटतं. वाळला की प्रत्येक फळाला काटे. वेडी बाभूळ बारा महिने आहेच. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हे बाकीच्यांसाठी चैन असेल, मराठवाड्यात ती गरज आहे. ते परवडत नसेल तर दोन ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप.

सायकल कुठली घ्यावी, हे पण विचारतात. जाड टायर बसेल ती. चाळीस मिलिमीटरच्या वर टायर आणि टायर-फ्रेममध्ये बोट जाईल एवढी जागा, बस. आमच्या शिवारात गेली चाळीस वर्षं दुधाच्या किटल्या लावून साध्या काळ्या सायकली याच रस्त्यांवरून जातायत, ग्रॅव्हल हा शब्द जन्मायच्या आधीपासून.

दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत आपला खरा हंगाम. पण त्यातही एक अडचण आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून सिमेंटसारख्या झालेल्या असतात. चाक त्यात गेलं की हँडल वळत नाही. चाकोरीबाहेर चला म्हणतात ना, इथं ते अगदी शब्दशः घ्यायचं: मधल्या उंचवट्यावरून, गवताच्या पट्ट्यावरून चालवायचं. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या गाड्या रस्त्यावर. रात्रीच्या वेळी, मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली, तीही दोन जोडलेल्या. संध्याकाळी सहानंतर मोठ्या रस्त्यावर माझा नियम एकच: नाही.

थंडीचं म्हणाल तर परभणीच्या विद्यापीठात काही हिवाळ्यांत पारा पाचच्याही खाली नोंदला गेलाय. सूर्य उगवायला पावणेसात-सात होतात. हातमोजे घाला, आणि उजेड झाल्यावरच निघा. कारण थंडीचं नाही, तारेचं. रानडुक्कर आणि रोही पिकात येतात म्हणून काही जण शेताच्या कडेनं तारेत करंट सोडतात. बेकायदा आहे, माणसं मेलीत, तरी चालू आहे. अंधारात पांदण सोडून बांधावर उतरायचं नाही, लघवीला सुद्धा. थंडीत घोणसही फिरते, तिला बुटाचा पाय कळतो, चपलेचा पाय आपल्याला महागात पडतो.

बाकी हा काळ म्हणजे नुसतं बघत राहावं असा. विजेच्या तारांवर नीळकंठ, ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे, एकदम वळणारे, काळा धूर वळावा तसे. गोदावरीच्या उथळ पाण्यात चक्रवाक. वसमतकडं गेलात तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवायचे कढई आणि बॉयलर चालू असतात, वास दोन शिवारं आधीपासून येतो. ज्यांच्या शेतातून जातो त्यांनी हुरड्याला बोलावलं तर राईडचं वेळापत्रक बाजूला ठेवायचं. सरासरी वेग खराब होतो, होऊ दे. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे, तिथल्या काठापर्यंत जायचं तर याच दिवसांत जा. जांभळं पिकतात जूनमध्ये हे खरं, पण तेव्हा काठाची माती तुम्हाला परत येऊ देईलच असं नाही.

मार्चमध्ये पळस फुलतो आणि ऊन्हाची ताकद कळायला लागते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं. जमीन फुटलेली, रस्त्यावर फुफाटा. घोट्यापर्यंत बारीक धूळ, तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. नांगरट करताना पांदणीचा काठही नांगरला जातो, मग नकाशावरचा रस्ता दर वर्षी थोडा बारीक होतो. या दिवसांत पावणेसहाला, सूर्यासोबत निघायचं आणि नऊच्या आत घरी. तासाला लिटरभर पाणी धरा आणि ते घरूनच न्या. आपल्याकडं कुणालाही पाणी मागितलं तर तांब्या पुढं येतो, पण मे महिन्यात ज्या घरी दोन किलोमीटरवरून हंडा येतो, तिथं आपण व्यायाम करताना तहान लागली म्हणून मागावं, हे मला पटत नाही.

आता नकाशाबद्दल थोडं, कारण हा माझा विषय. मी ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातल्या रस्त्यांना पृष्ठभागाची नोंद देतो: डांबर, मुरूम, माती. उपग्रहाच्या चित्रावर मुरूम फिका दिसतो, काळी माती काळी. पण चित्र कुठल्या महिन्यातलं आहे ते बघा. फेब्रुवारीतलं चित्र बघून ऑगस्टची राईड आखता येत नाही. सरकारी गाव नकाशाही ऑनलाइन मिळतो. त्यावर तुटक दुहेरी रेषा दिसली तर तो ग्रामीण गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे कागदावर. प्रत्यक्षात जाऊन बघितलं तर कित्येक ठिकाणी नकाशावर रस्ता आणि जागेवर ऊस. या रस्त्यांवरून तहसीलमध्ये दावे चालतात, भाऊ भावाशी बोलत नाही. तेव्हा नकाशा दाखवून "इथं रस्ता आहे" असा वाद सायकलवाल्यानं घालायचा नाही. विचारायचं, नाही म्हणाले तर वळायचं.

एकदा वाफसा यायच्या आत एका पांदणीच्या तोंडाशी उभा होतो, आत जावं का विचार करत. तिथल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "काय करायलास रे बाबू?" म्हटलं, रस्ता वाळायची वाट बघतोय. ते म्हणाले, "आम्ही बी तेच करायलोत. तुला फिरायला जायचंय, मला सोयाबीन बाहेर काढायचंय." यापेक्षा जास्त ते बोलले नाहीत. आमची ती राईड झाली नाही, आणि त्यांचं सोयाबीन आणखी चार दिवस शेतातच होतं, वरून ढग.

ओल्या पांदणीतून सायकल घातली की जी चरी पडते, त्यात पुढच्या पावसाचं पाणी धरतं. एका सायकलनं फार फरक पडत नाही, दहा जणांच्या ग्रुपनं पडतो. आपल्यासाठी ती रविवारची मजा असते. त्याच रस्त्यानं शाळेची पोरं, दुधाची किटली आणि कधी बाजेवर घातलेला पेशंट जातो. २०२१ मध्ये राज्यानं मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आणली, काही ठिकाणी खडीकरण होतंय. माझ्या आवडत्या पांदणीवर खडी पडली तर माझा सुंदर मातीचा ट्रॅक जाईल. जाऊ दे. तेव्हा तरी तिला ग्रॅव्हल म्हणता येईल.

पुढची राईड सांगतो. हस्त चालू आहे, त्यामुळे दोन बेत ठेवलेत. विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतो. शुक्रवारचा वाचून शनिवारी संध्याकाळी मी शिवारात जाऊन मातीचा गोळा टाकून बघतो. फुटला तर रविवारी कालव्याच्या रस्त्यानं जाऊन पांदणीतून परत, साधारण चाळीस किलोमीटर. नाही फुटला तर डांबरीनं पूर्णा आणि परत, चहा पिऊन. निघायचं चुडावा स्टेशनसमोरून, सकाळी सव्वासहाला. खुरपं मी आणतोय, ट्यूब ज्याची त्यानं आणायची.